तळाची नळी

आत्या नेमकी कुणाची आत्या, हा प्रश्न त्या प्रयोगशाळेत नव्याने आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात विचारतोच. खरं म्हणाल तर ती एकाच मुलीची आत्या. तिच्या धाकट्या भावाची लेक तीन वर्षांपूर्वी तिथे संशोधनाला आली, पहिल्याच दिवशी भर खोलीत "आत्या, माझा डबा तुझ्या पिशवीत राहिला" असं म्हणाली, आणि सत्तावीस वर्षं 'बाई' म्हणून वावरलेली ती त्या दुपारपासून अख्ख्या मजल्याची आत्या झाली. मोठे सरसुद्धा तिला आत्या म्हणू लागले, आणि ते तिच्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. तिने आधी नाक मुरडलं, मग सवय झाली.

ती इथे आली होती बाटल्या धुवायला. वडील कापडाच्या गिरणीत तपासनीस. पितळी चौकटीचं छोटं भिंग कापडावर ठेवून ते एका इंचातले धागे मोजायचे, आणि घरी आल्यावर मुलीपुढे कापडाचा तुकडा टाकून म्हणायचे, "तोंडाने पुटपुटू नकोस, डोळ्याने मोज." दहा वर्षांची होईपर्यंत तिचा आकडा वडिलांच्या आकड्याला मिळू लागला. भावाला हे कधी जमलं नाही. तो धागे मोजता मोजता झोपायचा. वडिलांमागे भिंग तिच्याकडे आलं आणि पांढऱ्या कोटाच्या खिशात जाऊन बसलं. एकदा प्रयोगशाळेतली ठिपके मोजणारी बाई आजारी पडली, कुणीतरी हिला सहज म्हणालं, बघा जमतंय का. तिने तीच ताटली सकाळी मोजली, दुपारी मोजली, दुसऱ्या दिवशी मोजली. तिन्ही वेळा आकडा एकच. त्यानंतर तिच्या हातात बाटल्या धुवायचा ब्रश आला तो फक्त रागाच्या दिवशी. आत्या बाटल्या घासताना दिसली की मजल्यावर लोक हळू चालतात.

आता ठिपके म्हणजे काय, ते सांगायला हवं. आपल्या रक्तात टी पेशी असतात, पहाऱ्यावरच्या. एका ताटलीत शहाण्णव छोटे खळगे, प्रत्येक खळग्यात एका माणसाच्या पेशी आणि विषाणूचा एकेक तुकडा टाकायचा. जी टी पेशी त्या तुकड्याला ओळखते ती खवळते, आणि जिथे खवळली तिथे दुसऱ्या दिवशी निळा ठिपका उमटतो. ठिपके जास्त, तर ओळख जुनी. खळगा कोरा, तर ओळखच नाही. मोजायला यंत्र आहे, पण यंत्राला धुळीचा कण आणि ठिपका यांतला फरक दरवेळी कळत नाही. आत्याला कळतो.

भावाने एकदा जेवताना विचारलं होतं, "एकाच विषाणूने एक माणूस आडवा होतो आणि दुसऱ्याला शिंकही येत नाही, असं का?"

"खुंट्यांमुळे," आत्या म्हणाली. "पेशीत विषाणू शिरला की ती त्याचे तुकडे करून बाहेरच्या खुंटीवर टांगते. पहारेकरी येता जाता खुंट्या बघतो. ओळखीचा कपडा दिसला की बोंब मारतो. पण खुंट्या सगळ्यांच्या सारख्या नसतात. त्यांचा आकार जनुकांत लिहिलेला असतो, निम्म्या आईकडून, निम्म्या बापाकडून. माझ्या खुंटीवर जो तुकडा टिकतो तो तुझ्या खुंटीवरून घसरून पडेल. मग पहारेकरी कितीही हुशार असू दे, त्याला दिसणार काय?"

"मग तुझ्या खुंट्या बऱ्या दिसतात," भाऊ म्हणाला. त्याला बोलायचा हक्क होता. नव्या विषाणूची साथ आली तेव्हा तो सतरा दिवस इस्पितळात नळीने श्वास घेत होता, आणि त्याआधी घरात त्याच्याच पेल्यातून त्याला पाणी पाजणारी त्याची बहीण धडधाकट होती. तपासणीत तिलाही लागण निघाली होती, पण साधा खोकला म्हणून झाला नाही. भाऊ हे तिला अजून माफ करत नाही.

भाचीचा अभ्यास याच साथीवरचा होता. तिला एक घबाड मिळालं होतं. साथीच्या चार वर्षं आधी, भलत्याच एका लसीच्या कामासाठी, साठ माणसांचं रक्त या प्रयोगशाळेने गोठवून ठेवलं होतं. पुढच्या संशोधनाला वापरा म्हणून साठही जणांनी सही करून दिलेली. भाचीने त्या सगळ्यांना शोधून काढलं आणि साथीनंतरचं त्यांचं रक्त पुन्हा घेतलं. एकाच माणसाचं आधीचं रक्त आणि नंतरचं रक्त, शेजारी शेजारी. आधीचं रक्त कोरं असणार, कारण हा विषाणू तेव्हा जगात नव्हताच. नंतरच्या रक्तात ठिपके असणार. मग कुणाच्या कोणत्या खुंट्यांनी कोणते तुकडे धरले ते बघायचं. तीन वर्षांचं काम, आणि रक्ताची प्रत्येक नळी वितळवली ती आत्याच्या हातांनी.

साठांपैकी एकोणपन्नास जणांचं जुनं रक्त कोरं निघालं. अकरा जणांच्या जुन्या रक्तात ठिपके निघाले.

भाचीने त्या ताटल्या दोनदा वाचल्या, मग आत्याने भिंग लावून वाचल्या. ठिपके खरे होते, गोल, कडा पुसट, मध्यभाग गडद. जो विषाणू जन्मलाच नव्हता त्याला हे रक्त ओळखत होतं.

मोठ्या सरांनी कागद पाहिले आणि बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप केलं. माणूस वाईट नव्हता. कडक होता, आणि प्रयोगशाळेत कडक असावंच लागतं. ते म्हणाले, "एकाच माणसाच्या जुन्या आणि नव्या नळीवर क्रमांक एकच. दोन्ही एकाच दिवशी वितळवल्या. ओतताना इकडची तिकडे झाली. दुसरं काही असूच शकत नाही."

"सर, मी ओतलंय ते," आत्या म्हणाली.

"म्हणूनच मला वाईट वाटतंय," सर म्हणाले, आणि त्यांनी प्रयोगाची वही उघडून सगळ्यांसमोर लिहिलं: अकरा नमुने बाद. कारण, नळ्यांची अदलाबदल. हाताळणी, आत्या. खाली सही आणि तारीख.

या वहीचा एक नियम आहे. तिच्यात लिहिलेलं कधी खोडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. चूक झाली तर तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही, तारीख. हा नियम नव्या मुलांना शिकवायचं काम वर्षानुवर्षं आत्याच करत आली होती. त्यामुळे आपलं नाव त्या पानावर काय म्हणून बसलंय आणि किती काळ बसणार आहे, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. भाचीचं तर सगळंच गेलं होतं; एका हाताने अकरा चुका केल्या तर बाकीच्या एकोणपन्नासांवर कोण विश्वास ठेवणार? तीन वर्षांच्या कामावर पाणी फिरलं.

आत्याने त्या दिवशी चाळीस बाटल्या घासल्या.

पण घासताना डोकं मोकळं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्या अकरा माणसांच्या ताटल्यांचे फोटो मोठ्या टेबलावर ओळीने मांडले आणि भाचीला हाक मारली. "काय दिसतंय?"

"ठिपके," भाची म्हणाली. रात्रभर रडल्याने तिचा आवाज बसला होता.

"कुठे? डोळ्याने मोज."

भाची वाकली. पहिली ताटली, चौथी ओळ, सातवा खळगा. दुसरी ताटली, चौथी ओळ, सातवा खळगा. तिसरी, तेच. बाकीचे पंच्याण्णव कोरे. अकराही ताटल्यांत ठिपके त्या एकाच खळग्यात होते, म्हणजे विषाणूच्या एकाच तुकड्याला.

"नवं रक्त जुन्याच्या जागी पडलं असतं तर ठिपके दहा-बारा खळग्यांत विखुरले असते. साथीनंतर सगळ्यांचे तसेच आहेत," आत्या म्हणाली. "मी वेंधळी असेन. पण वेंधळेपणाला इतकी शिस्त नसते. आणि आणखी एक. या अकरा जणांना साथीत काय झालं होतं ते काढ बघू."

भाचीने यादी काढली. अकराही जणांना लागण झाली होती. अकरांपैकी एकालाही ताप आला नव्हता.

दोघी सरांकडे गेल्या. सरांनी फोटो पाहिले, यादी पाहिली, आणि प्रथमच त्यांच्या कपाळावर आठी दिसली. तरी ते म्हणाले, "तर्क उत्तम आहे, आत्या. पण जुनं रक्त संपलं. प्रत्येकाच्या दोनच नळ्या होत्या, दोन्ही वापरल्या. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते मी छापू कसं? बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असं आहे हे."

आत्याने खिशातल्या भिंगावर हात ठेवला आणि म्हणाली, "सर, तिसरी नळी आहे."

भाचीने तिच्याकडे चमकून पाहिलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

गोठवायच्या मोठ्या टाकीवर सरांनीच लावलेली पाटी होती: यादीत नसलेली एकही नळी आत राहणार नाही. ठेवणाऱ्याची गय केली जाणार नाही. या पाटीखाली एका संशोधकाला त्यांनी खरंच घरी पाठवलं होतं. आणि आत्या ही पाटी लावायच्या आधीपासून, रक्त गोठवताना तळाशी जे चमचाभर उरतं ते फेकून न देता, एका जास्तीच्या नळीत भरून ठेवत आली होती. तिच्या वडिलांनीही प्रत्येक ताग्याची एक चिंधी जपून ठेवली होती. कधी भांडण लागलं तर चिंधी बोलते, असं ते म्हणायचे. यादीत दोनच नळ्या लिहायचा रिवाज होता, म्हणून तिसरी कुठेच लिहिली गेली नाही. पाटी लागली तेव्हा तिने त्या फेकायला हव्या होत्या. फेकल्या नाहीत. नळ्या अडकवायच्या दांड्यांना तिने गिरणीतल्या पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली आणि त्या टाकीच्या तळाशी सोडून दिल्या.

"किती आहेत?" सरांनी विचारलं.

"साठ."

"म्हणजे साठ वेळा नियम मोडलात."

"होय. ती चूक माझी आहे, ती लिहा वहीत," आत्या म्हणाली. "जी केली नाही ती मात्र राहू देणार नाही."

सर उठून खिडकीपाशी गेले. काखेत कळसा नि गावाला वळसा, हे त्यांनाही कळत असणार. शेवटी म्हणाले, "बाहेर काढा. पण आत्या, तुम्ही हात लावायचा नाही."

हे न्यायाचं होतं. तिला ते कबूल होतं, आणि तरी जड गेलं.

शेजारच्या मजल्यावरून चष्मेवाल्याला बोलावलं. तो त्या मजल्यावरचा जुना, निर्विकार तंत्रज्ञ. त्याला या भानगडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. टाकीचं झाकण उघडलं तसा पांढरा धूर जमिनीवर सांडला. चष्मेवाल्याने जाड हातमोजे घालून लांब चिमट्याने तळ चाचपला, आणि दोऱ्याच्या गाठी असलेल्या दहा दांड्या एकेक करून वर आल्या, बर्फाने पांढऱ्या झालेल्या. नळ्यांची टोपणं जुन्या घडणीची होती. तसल्या नळ्या बाजारातून जाऊन सहा वर्षं झाली होती. साथीनंतरचं रक्त त्यांत असणं शक्यच नव्हतं. क्रमांक शिसपेन्सिलीने लिहिलेले, कारण शाई स्पिरिटने पुसली जाते हे आत्याला पहिल्या वर्षीच कळलं होतं. एक नळी तडकलेली निघाली, आणि ती नेमकी अकरांपैकी एकाची. उरल्या एकोणसाठ.

सरांनी क्रमांक झाकून प्रत्येक नळीला नवं चिन्ह दिलं. कोणतं चिन्ह कुणाचं, तो कागद पाकिटात घालून पाकीट स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

मग आत्या काचेच्या दाराबाहेर स्टुलावर बसली आणि दुसऱ्याच्या हातात आपलं काम बघत राहिली. आयुष्यात तिला एवढं अवघड काही करावं लागलं नव्हतं. गोठलेल्या पेशी वितळवताना घाई करायची, आणि वितळल्यावर त्यांच्यात पेशी जगवणारा कोमट रस मिसळताना सबुरी धरायची. उलटं केलं की पेशी मरतात. चष्मेवाल्याने पहिली नळी झटकन वितळवली आणि तितक्याच झटकन रस ओतायला घेतला. आत्याने काचेवर टकटक केलं. त्याने वर पाहिलं. तिने हाताचा पंजा खाली वर करून दाखवला, हळू, थेंबाथेंबाने. त्याने मान हलवली आणि थेंबाथेंबाने ओतू लागला. सर शेजारीच उभे होते; त्यांनी पाहिलं आणि तिला अडवलं नाही. दुपारपर्यंत तिने स्टूल सोडलं नाही. भाचीने चहा आणून दिला, तो निवून गेला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता चष्मेवाला ताटल्या वाचून आला. त्याने कागद सरांच्या टेबलावर ठेवला आणि कोरड्या आवाजात म्हणाला, "एकोणपन्नास कोरे. दहांत ठिपके. दहाही ठिकाणी चौथी ओळ, सातवा खळगा. यंत्राने मोजले, मग डोळ्यानेही मोजले. काय आहे हे?"

सरांनी किल्ली काढली, पाकीट उघडलं, आणि चिन्हांपुढे क्रमांक वाचायला सुरुवात केली. भाची जुनी यादी हातात धरून एकेकाला खूण करत होती. तीन. नऊ. चौदा. सव्वीस. एक्केचाळीस म्हटल्यावर आत्या पहिल्यांदा हसली, पण का ते तिने कुणाला सांगितलं नाही. दहा क्रमांक वाचून झाले. दहाही त्या अकरांतलेच होते. अकरावा म्हणजे ती तडकलेली नळी.

भाची खुर्चीत बसली आणि आत्याच्या कोटात तोंड खुपसून रडली. या वेळी आत्याने तिला रडू दिलं. तिलाही भरून आलं होतं. एवढा निखळ आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही.

पुढचं काम भाचीचं होतं, आणि तिने ते धडाक्यात केलं. साठ जणांच्या खुंट्यांचा, म्हणजे त्या जनुकांचा, तक्ता तिच्याजवळ होताच. अकरांपैकी दहा जणांत एकच विशिष्ट खुंटी निघाली. बाकीच्या एकोणपन्नासांत ती फक्त दोघांकडे होती. मग तिने चौथ्या ओळीतल्या सातव्या खळग्यातला तुकडा घेतला आणि साध्या सर्दीच्या एका जुन्या विषाणूशी ताडून पाहिला. दोन्ही तुकडे जवळजवळ सारखे, एका अक्षराचा काय तो फरक. म्हणजे या माणसांना केव्हातरी साधी सर्दी झाली होती. त्यांच्या खुंटीवर तो तुकडा नीट टांगला गेला, पहारेकऱ्यांनी तो लक्षात ठेवला, आणि कित्येक वर्षांनी नवा विषाणू जवळपास तोच कपडा घालून आला तेव्हा दारातच पकडला गेला. ज्यांच्याकडे ती खुंटी नव्हती त्यांनाही सर्दी झालीच असेल, पण त्यांच्या पहारेकऱ्यांना तो तुकडा कधी दिसलाच नाही.

"पण एक जण जुळत नाही," भाची कुरकुरली. "ठिपके आहेत आणि ती खुंटी नाही."

"असू दे एक," आत्या म्हणाली. "सगळंच जुळलं की मला भीती वाटते."

त्या संध्याकाळी आत्याने भावाला सगळं सांगितलं. एक्केचाळीस क्रमांक कुणाचा, तेही सांगितलं. रक्त द्यायला यायचं ठरलेला एक माणूस त्या दिवशी आलाच नाही, जागा रिकामी राहायला नको म्हणून आत्यानेच बाही वर केली होती. भावाने घास तसाच धरून ठेवला.

"म्हणजे ती खुंटी तुझ्याकडे आहे. आणि माझ्याकडे?"

"नाही. लेकीने तुझंही तपासलंय. आईबाबांकडे चार पर्याय होते, तुला दुसरे मिळाले."

"वाटणीत खुंटी तुला आणि सतरा दिवसांचं इस्पितळ मला," भाऊ म्हणाला. "बाबांचं भिंगही तूच घेतलंस."

"तू मोजताना झोपायचास," आत्या म्हणाली, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी सगळ्या मजल्याला बोलावलं. चष्मेवालासुद्धा आला. प्रयोगाची वही टेबलावर उघडी होती, तेच पान. सर म्हणाले, "मी हे सगळ्यांसमोर लिहिलं होतं, म्हणून सगळ्यांसमोरच." त्यांनी पट्टी घेतली आणि 'अकरा नमुने बाद'पासून 'हाताळणी, आत्या'पर्यंत एक सरळ रेघ ओढली, अशी की खालचं अक्षर अजून वाचता येत होतं. शेजारी लिहिलं: चूक माझी. नमुने खरे आहेत. अकराही ग्राह्य. खाली त्यांनी सही केली. मग शेजारच्या कोऱ्या पानावर टाकीची यादी दुरुस्त केली: यापुढे प्रत्येक माणसाच्या तीन नळ्या. तिसरी तळाशी.

"झालं, आत्या?" सरांनी विचारलं.

आत्याने खिशातून वडिलांचं भिंग काढलं, पानावर ठेवलं, आणि ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश तपासली. मग तिने पान सरांकडे सरकवलं.

"तारीख राहिली, सर."

सरांनी तारीख घातली.